तुळजाक्का बियर बघायला गेली तेव्हा

तुळजाक्काला जाऊन आता दीड वर्ष होईल. आमच्या कुंभकोणम्‌च्या गल्लीत सकाळी काफी भाजल्याचा वास अजून येतो, दुकान तिच्या भाच्यानं चालू ठेवलंय. पण वासाबरोबर ओरडा येत नाही. पूर्वी दोन्ही एकदम यायचं, वास खिडकीतून आणि ओरडा भिंतीतून.

मी मूळची खानापूर तालुक्यातली, विट्याच्या अलीकडच्या एका वाडीची. आठवीतून शाळा सुटली, एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं आणि नवऱ्यामागून इथं आले. आमच्याकडची निम्मी माणसं गलाईच्या कामाला, म्हणजे सोनं-चांदी गाळायला, देशभर पांगलेली. माझ्या वाट्याला कुंभकोणम् आलं. भीती हा माझा कायमचा आजार. तमिळ येत नाही म्हणून भीती, कुणी दार वाजवलं तर भीती, दिवसभर कुणीच वाजवलं नाही तर जास्त भीती. अशा बाईला घरमालकीण मिळाली ती तुळजाक्का. देवानं थट्टा केली असं तेव्हा वाटलं. उपकार केले हे कळायला वेळ लागला.

खोली विचारायला गेलो त्या दिवशी तिनं काफी दिली. उभा पितळी पेला, खाली खोलगट वाटीसारखा डवरा. मी घाबरत घाबरत पेला तोंडाला लावला आणि समोरून किंचाळी आली.

"अय्यय्यो! ओठ लावलास कीं!"

तिच्याकडे पेल्याला ओठ लावत नाहीत. पेला वर धरायचा आणि धार घशात सोडायची. मी पेला पदरानं पुसायला लागले, तर आणखी मोठी किंचाळी. शेवटी तिनं पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "शरि, शरि. बरें. आतां हा पेला तुझाच जाहला. पेला येथें राहणार, म्हणून तूंही येथेंच राहा." खोली अशी मिळाली. नवरा आजही सांगतो की त्यानं घासाघीस करून मिळवली.

तुळजाक्का तंजावरकडची मराठी. तिच्या घराण्यातलं कुणीतरी राजाच्या पदरी होतं म्हणे. "काय होते?" मी एकदा विचारलं. "तें ठाऊक नाहीं," ती म्हणाली, "परंतु पगार वेळेवर मिळत नसे, इतकें आजा सांगे." बोलायची ती जुन्या पत्रासारखं, मधे मधे तमिळ पेरून. माझं बोलणं ऐकून पहिले सहा महिने तिला माझी कीव यायची. "गोड आहेस," ती म्हणायची, "पण तुझी मराठी कोणी गे बिघडविली?" बाजारात गेली की तमिळ सुरू, आणि तमिळमध्ये ती एकदम चुरचुरीत आजची बाई व्हायची. तमिळमध्ये साठीची, मराठीत तीनशे वर्षांची.

अंगानं काटकुळी. नऊवारी पातळ, त्यावर काफीची पूड, हाताच्या सुरकुत्यांतसुद्धा पूड. नवरा गेल्यावर दुकान तिनं हातात घेतलं आणि पुडीबरोबर लोकांना बोलणीही फुकट द्यायला लागली. गिऱ्हाईक कमी झालं नाही. कुणी म्हणालं, "अक्का, आजची काफी फार छान," की ती संशयानं विचारायची, "काल काय वाईट होती?"

बिया भाजताना ती कानानं भाजायची. डोळे मिटून लोखंडी पिंपाजवळ उभी राहायची आणि दाणा तडतडायला लागला की मोजून काही क्षणांत उतरवायची. त्या वेळी गल्लीत कुणी खोकायचंही नाही. एकदा नेमकी त्याच वेळी एका लग्नाची वरात आली. पुढं नादस्वरम्, तविल नावाचा ढोल, मागं फुलांनी मढवलेल्या मोटारीत नवरदेव. तुळजाक्का कालथा घेऊन रस्त्यात आली.

"चार मिनिटं थांबवा! माझा दाणा ऐकू येईना!"

वाजवणारे बिचारे थांबले. शंभर माणसांची वरात रस्त्यात गुमान उभी. आतून ती हाळी देई, "अजून नाहीं... अजून नाहीं..." नवरीचा बाप मुहूर्त चुकेल म्हणून घामाघूम. मग "उतरविलें!" असा आवाज आला आणि तविलवाल्यानं काठी घातली. नवरदेवाला काफी मोटारीत पोचली. त्यानं ओठ लावले नाहीत, म्हणून तुळजाक्कानं त्याला चांगल्या घरचा ठरवलं.

तिला एकच मुलगी, पद्मा. बंगळूरला कुठल्याशा कंपनीत नोकरीला. चार वर्षांपूर्वी पद्माचा फोन आला की एक मुलगा आवडलाय, शरत नावाचा, कन्नड आहे. तुळजाक्कानं विचारलं, करतो काय? पद्मा म्हणाली, खाद्यपदार्थांत आहे. कसले खाद्यपदार्थ? धान्याचे. धान्याचे म्हणजे? आंबवून करतात तसे. तुळजाक्का दोन दिवस खूश होती, जावई इडलीच्या धंद्यात आहे म्हणून. तिसऱ्या दिवशी पद्मानं खरं सांगितलं. पोरगा बियर बनवतो. शहराच्या मधोमध एक दुकान आहे, तिथंच पिंपं, तिथंच बनवायची, तिथंच लोकांना पाजायची.

तुळजाक्कानं दुपारभर विठ्ठलाच्या तसबिरीपुढं बसकण मारली. पापनाशम्‌च्या गिरणीवाल्यांचं स्थळ तिच्या मनात होतं. तिथं हो म्हटलं की पोरगी हातची जाणार, आणि इथं हो म्हटलं की नात्यात तोंड दाखवता येणार नाही. संध्याकाळी ती माझ्या दारात आली.

"सुरेखी, उद्यां बंगळूरास जाणें. तूंही."

"मी? मी कशाला अक्का?"

"तुला हिंदी येतें. आणि मी येकटी बियरच्या दुकानीं बसलें तर लोक काय म्हणतील?"

दोघी बसलो तर काय म्हणतील हे मी विचारलं नाही. "पद्माला सांगितलं का?"

"सांगून गेलें तर दाखवितील तें दिसेल. न सांगतां गेलें तर असेल तें दिसेल. पाहिल्यावांचून हो नाहीं. पाहिल्यावांचून नाहीं, हेंही नाहीं."

खर्च तिनं बसल्या जागी ठरवला. जायचं-यायचं स्लीपरनं, जेवण घरचं, बंगळुरात पायी. बियरवाल्याच्या दुकानी फार तर दोनशे रुपये. ते तिनं वेगळ्या रुमालात बांधले आणि रुमाल विठ्ठलापुढं ठेवून उचलला, म्हणजे पैशाला दोष लागू नये. पिशवीत दहीभात, पुळियोदरै म्हणजे चिंचेचा भात, लिंबाचं लोणचं, आणि तिचा पेला-डवरा. तो ती कुठंही न्यायची. परक्या भांड्यातलं पाणीही तिला चालत नसे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं निघालो, सकाळी पोचलो, आणि विचारत विचारत बारा वाजता त्या दुकानापाशी आलो. बाहेर काळी पाटी, आत काचेच्या भिंतीमागं माणसापेक्षा उंच तांब्याची पिंपं. तुळजाक्का दारातच थबकली.

"पात्रें स्वच्छ आहेत," ती म्हणाली. नाराजीनं म्हणाली.

दुपारची वेळ, चार-दोन टेबलं भरलेली. कुणी ओरडत नव्हतं, कुणी लोळत नव्हतं. एक पोरगी कॉम्प्युटर उघडून काम करत होती. मला वाटत होतं, आत्ता पोलीस येतील. आम्ही कोपऱ्यात बसलो. वाढपी आला, ईशान्येकडचा हसरा मुलगा, हिंदी बोलणारा. मी यादीत सगळ्यात स्वस्त काय ते बोट फिरवत शोधलं. मसाला शेंगदाणे, एकशे नव्वद.

"शेंगदाणे द्या," मी म्हणाले.

"आणि प्यायला?"

"पाणी."

"अक्का, शेंगदाण्याला एकशे नव्वद!" मी कुजबुजले.

"त्यांत शेंगदाणे किती?" ती म्हणाली. आले तेव्हा तिनं मोजले नाहीत, पण नजरेनं मोजल्यासारखं केलं आणि सुस्कारा सोडला. मग निवांतपणे पिशवीतून दहीभाताचा डबा काढला.

वाढपी धावत आला. बाहेरचं खायला परवानगी नव्हती. मी भीतीनं अर्धमेली झाले. तुळजाक्कानं त्याला डब्यातला पुळियोदरैचा घास त्याच्याच बशीत वाढला. "आधीं खा," ती तमिळमध्ये म्हणाली. त्याला तमिळ येत नव्हतं, पण भूक सगळ्यांना कळते. त्यानं खाल्ला, इकडंतिकडं पाहिलं आणि डब्यावर आमच्याच पिशवीचं कापड टाकून गेला. परत आला तो सहा इवल्या इवल्या पेल्या घेऊन. म्हणाला, चव बघायला आहे, याचे पैसे पडत नाहीत.

फुकट म्हटल्यावर तुळजाक्काचा चेहरा बदलला. आमच्याकडेही ती गिऱ्हाइकाला चिमूटभर पूड हुंगायला द्यायची. तिनं पहिली पेली नाकाशी नेली.

"अक्का, दारू!"

"हुंगल्यानें पाप लागतें तर गल्लीतले सगळे नरकांत." तिनं नाक फुलवलं. "ह्यांत केळें घातलें आहे."

मी वाढप्याला विचारलं. तो म्हणाला, नाही, केळं नाही. तुळजाक्का म्हणाली, आहे. तो म्हणाला, नाही. "मी कुंभकोणम्‌ची, केळींच्या मुलखांतली. केळें मला शिकवितो?" मग तिनं मान वर करून विठ्ठलाची मनोमन परवानगी घेतली, पेलीतली बियर आपल्या पेल्यात ओतली, वरून धार जिभेवर सोडली, तोंडात घोळवली आणि डवऱ्यात थुंकली.

"अक्का!"

"गिळलें तर पाप. थुंकलें तर व्यापार." आणि वाढप्याला, "बनविणाऱ्यास बोलाव."

मी पदर डोक्यावरून ओढला. बनवणारा म्हणजे तोच! तो आला. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, अंगाला ओल्या धान्याचा वास, कपाळावर घाम, तिशीचा मुलगा. तमिळ त्याला येत होतं, कन्नड हेल काढून, आणि एवढ्या वर्षांत मलाही ते कळायला लागलं होतं. तुळजाक्कानं ओळख दिली नाही. केळ्याचं विचारलं. तो हसला नाही, हे मी लक्षात ठेवलं. त्यानं समजावलं की आंबवणाचं जे यीस्ट असतं ना, त्याचाच तो वास. केळं नसतं, पण तुमचं नाक बरोबर आहे. मग उत्साहानं आत जाऊन मूठभर काळे भाजलेले सातूचे दाणे घेऊन आला. तुळजाक्कानं एक दाणा दाताखाली फोडला.

"करपलाय," ती तमिळमध्ये म्हणाली.

"करपला नाही. इतका काळा मुद्दाम भाजतात."

"मुद्दाम करपवतात?"

"चाळीस वेळा खाऊन बघा, अम्मा. करपलेला दाणा घशात खरखरतो. हा खरखरतो का?"

तिनं आणखी एक फोडला. आणखी एक. खरखरत नव्हता. तिला हरल्याचा राग यायला हवा होता, पण तिनं खुर्ची पुढं ओढली. "कुणी भाजला? कानानं का डोळ्यानं?" तो म्हणाला, यंत्रानं, पण मला यंत्राचा भरवसा नाही, मी वासानं बघतो. मग दोघांची अशी काही जुंपली की माझे शेंगदाणे संपले तरी यांचा पहिलाच मुद्दा चालू. मधेच तो टेबलाखाली मोबाईलवर काहीतरी खरडत होता, ते फक्त मला दिसलं.

"तू स्वतः किती पितोस?" तिनं एकदम विचारलं.

"दिवसभर चव घेतो आणि थुंकतो. रविवारी एक ग्लास गिळतो."

"एकच?"

"सणाला दोन."

तिनं बोटांवर वर्षाचे सण मोजले आणि मान हलवली. मला आशा वाटायला लागली. तेवढ्यात विषय फेसावर गेला. तुळजाक्का म्हणाली, काफीचा खरा फेस अकरा वेळा विठ्ठल म्हणेपर्यंत टिकतो. तो म्हणाला, माझा तेहतीस वेळा टिकेल. ग्लास आला, त्याच्या पदरचा. तुळजाक्का डोळे वटारून मोजू लागली, "विठ्ठल, विठ्ठल, विठ्ठल..." शेजारच्या टेबलावरची पोरगी कॉम्प्युटर बंद करून बघायला लागली. तेहतीस झाले, फेस तस्साच.

"साबण घातलाय!"

"साबणानं फेस मरतो, अम्मा."

"असा आयता फेस कुणीही दाखवील. हातानं काढलेला फेस तो फेस." आणि मी अडवायच्या आत तिनं डवरा झटकन विसळला, अख्खा ग्लास आपल्या पेल्यात आणि डवऱ्यात वाटून घेतला, आणि काफी ओततात तशी एका हातानं डोक्याच्या वरून धार सोडली. एक वेळ, दोन वेळ. तिसऱ्या वेळेला डवऱ्यातून जे काही वर आलं त्याला फेस म्हणता येणार नाही. दूध उतू जातं तसं, पण रागानं. टेबलावर, मांडीवर, माझ्या पदरावर, शरतच्या बुटांत. तुळजाक्का थांबेना, कारण भांडं उतू चाललं की दुसऱ्यात ओतायचं हा तिच्या हाताचा चाळीस वर्षांचा नियम, आणि दर ओतण्याला फेस दुप्पट. "अडव गे, सुरेखी, अडव!" मी काय अडवणार? मी शेंगदाण्याची बशी पालथी धरली.

नेमकी तेव्हा पद्मा आत आली. शरतनं तिलाच कळवलं होतं. नऊवारी नेसून दाणा दाताखाली फोडणारी आणि भांडणारी बाई कोण, हे त्यानं पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं होतं. पद्मा दारात उभी. समोर आई, केसापासून पदरापर्यंत बियरनं निथळणारी, हातात डवरा.

"अम्मा! तूं पीत आहेस?"

"थुंकतें आहे!" तुळजाक्का ओरडली. सगळ्या दुकानात एकच हसू उसळलं. ती खाली बसली. मग स्वतःही हसायला लागली, आणि तिचं हसू मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा इतक्या मोठ्यानं ऐकलं. शरतनं फडकं आणलं आणि स्वतः गुडघ्यावर बसून फरशी पुसली. तुळजाक्का त्याच्या मानेकडे बघत होती. मला वाटलं, झालं, जमलं.

"चांगला आहे पोरगा," ती पद्माला मराठीत म्हणाली. "भांडतो. येकदां आपल्या घरची काफी पाजतें, मग बोलूं."

पद्मानं शरतकडे पाहिलं. शरतनं पद्माकडे.

"अम्मा," पद्मा म्हणाली, "तो काफी पीत नाहीं."

मी इतकी वर्षं तुळजाक्काला ओळखत होते. नवऱ्याच्या श्राद्धालाही तिचा चेहरा असा झाला नव्हता. बियर बनवतो हे तिनं रिचवलं होतं. काफी पीत नाही? तिनं डवरा पुसला, पेला पुसला, पिशवीत ठेवले आणि उठली. वाढप्यानं बिल आणलं, तिनं रुमालातले दोनशे ठेवले आणि सुटे दहा परत घेतले नाहीत. त्यावरून मला कळलं की ती शुद्धीवर नाही.

स्टेशनपर्यंत पायी. तुळजाक्का पुढं, मी मागं, आमच्या मागं अपराध्यासारखी ती दोघं. फलाटावर बसलो. गाडी लागली होती. तिच्या पातळाचा वास घेऊन माणसं चार हात लांबून जात होती, एका पोरानं आईला विचारलंसुद्धा. पद्माच्या डोळ्यांत पाणी. मला वाटत होतं काहीतरी बोलावं, पण मी आठवी नापास बाई, मी काय बोलणार?

शेवटी तुळजाक्काच बोलली, तमिळमध्ये, समोरच्या रुळांकडे बघत. "का पीत नाहीस?"

"आवडायची," शरत म्हणाला. "हे काम धरलं तेव्हा सोडली. सकाळी काफी घेतली की दुपारपर्यंत जिभेला दुसरं काही कळत नाही. वास फार लागतो समोरून आला की. पण सोडली."

तुळजाक्का माझ्याकडे वळली. कुंभकोणम्‌चं विड्याचं पान सगळीकडे जातं. तिच्या परसातही पानांची वेल, आणि ती पान खात नसे. विधवा म्हणून खात नसेल असं मी धरून चालले होते.

"दुकान हातांत घेतलें तेव्हां मीं विडा सोडला," ती मला म्हणाली, मराठीत. "चुन्यानें जीभ जाते. नवऱ्याच्या हातचा विडा असे, गे. अजून वास लागतो." आणि तोंड फिरवून उठली, डब्यात चढली.

मी मागून चढले. ती खिडकीशी बसली. गाडी हलली. पद्मा आणि तो फलाटावर उभे, हात वर करावा की नाही या विचारात. अचानक तुळजाक्कानं खिडकीच्या गजांना तोंड लावलं आणि अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल असं तमिळमध्ये ओरडली:

"ए! तुझं नक्षत्र कुठलं?"

पद्मानं दोन्ही हात तोंडावर घेतले. नक्षत्र विचारलं म्हणजे पत्रिका बघायची, म्हणजे बोलणी लागली. शरत गाडीबरोबर चालायला लागला. "माहीत नाही!"

"माहीत नाही? आईला विचार!"

"आत्ता?"

"मग काय पुढच्या वर्षी?"

तो कानाला मोबाईल लावून पळायला लागला. रबरी बूट तसेच पायात, बियरनं भरलेले, पचाक पचाक वाजत होते. तो कन्नडमध्ये आईला ओरडून काहीतरी विचारत होता, आई बहुधा त्याला, तू पळतोयस कशाला, हे विचारत होती. गाडीनं वेग घेतला.

पद्माच्या लग्नात, बाळंतपणात, मग तिच्या स्वतःच्या आजारपणात, मी तुळजाक्काला पुढं खूप पाहिलं. पण डोळे मिटले की ती तशीच दिसते. गजांना गाल लावलेला, केस बियरनं चिकटलेले, आणि मागं पडत चाललेल्या फलाटाला हातवारे करून सांगतेय, "ऐकूं येईना! बोटें दाखव! सत्ताविसांतलें कितवें, बोटें दाखव!" आणि तो लांब, पळता पळता, मोबाईल खांद्यात दाबून, दोन्ही हातांची बोटं वर करून, मधेच चुकून, परत पहिल्यापासून मोजतोय.